साळवेदादा आणि झैरेची नोट

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरून निघताना साळवेदादा उंबऱ्यात क्षणभर थांबायचे आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करायचे. लग्नघर असो, बारसं असो, डॉक्टरचा दवाखाना असो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस आळस देतोय. मग वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, खुलासा केला. दादा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात छापलेले ताव तपासायला होते. तिथून सुटताना गेटवर रोज झडती व्हायची. इतकी वर्षं रोज हात वर केल्यावर आता कुठलंही दार ओलांडायचं म्हटलं की हात आपले आपण वर जायचे. मी एकदा चिडवलं, "दादा, आमच्याकडून काय चोरून नेताय?" तर ते गोरेमोरे झाले आणि खरंच खिसे बाहेर काढून दाखवले.

मी १९७२ साली जेल रोडला त्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. हायस्कुलात भूगोल शिकवायची. एकटी बाई, जिभेला धार, तेव्हा शेजारी जरा जपूनच बोलत. दादा मात्र मोकळे बोलायचे. मी शिक्षिका म्हणून त्यांना माझं फार कौतुक. "बाई" म्हणताना त्यांच्या आवाजात एवढा मान असायचा की मला उगाच पदर सारखा करावासा वाटे.

त्यांचं सगळं शहाणपण उजव्या अंगठ्यात होतं. खऱ्या नोटेवर शाई किंचित उठून बसते, ती डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळते, असं ते सांगत. म्हणून त्या अंगठ्याला त्यांनी कधी विळी लागू दिली नाही. चहाचा गरम ग्लाससुद्धा डाव्या हातात. रात्री त्याला खोबरेल लावून झोपायचे. वहिनी म्हणायच्या, "एवढी काळजी माझी घेतली असती तर मी आज पहिलवान झाले असते."

दुसरी त्यांची खोड म्हणजे 'रजिस्टर'. छपाईत एकेक रंग वेगळा छापतात. प्रत्येक रंग आपल्या जागी बरोबर बसला नाही, तर रजिस्टर हललं म्हणतात. दादांना सगळ्या जगाचं रजिस्टर हललेलं दिसायचं. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं वाचायच्या आधी म्हणणार, "लाल रंग खाली सरकलाय." वाण्याच्या कॅलेंडरावरच्या बाईचं कुंकू भुवईवर गेलेलं त्यांनी सबंध वर्षभर सहन केलं नाही, पान उलटं करून टांगलं. कोपऱ्यावरचा एक दारुडा झोकांड्या खात निघाला की हळूच म्हणत, "याचंबी हललंय."

आणि हे सगळं गमतीचं असलं, तरी नोट म्हटली की दादा गंभीर होत. मखमलाबादकडून एक म्हातारी आमच्या बाजारात शेवंती विकायला यायची. तिच्याकडची दहाची नोट तेलानं भिजून मधोमध फाटली होती, वाणी घेईना. म्हातारी रडकुंडीला आली. दादा तिथं होते. त्यांनी वाण्याला नोटेवरची ओळ वाचायला लावली. धारकाला दहा रुपये अदा करण्याचं वचन देतो, ती.

"वचन दिलंय सरकारनं," दादा म्हणाले. "नोट फाटली म्हणून वचन फाटतं का?"

वाणी हसला. दादांनी अर्धी रजा टाकली, म्हातारीला बँकेत नेलं, तीन खिडक्यांवर भांडले आणि कोरी नोट घेऊन बाहेर आले. म्हातारीनं त्यांना शेवंतीची वेणी दिली. ती हातात धरून ते भर रस्त्यानं घरी आले, लाजले नाहीत.

या माणसाचा सरकारवर एवढा विश्वास का, हे मला फार उशिरा कळलं. ते निफाडकडच्या एका खेड्यातले. वडील गावकीची कामं करत आणि त्याबद्दल जे मिळायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. आज देतो, सुगीला देतो, पुढच्या वर्षी बघू. "गावात शब्द देणारे लय होते," दादा सांगत. "शाळेचा दाखला कागदावर मिळाला. नोकरीचा हुकूम कागदावर आला. आमाला जे मिळालं ते कागदावर मिळालं, बाई. तोंडी कुणी काय दिलं नाय." म्हणून त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कागद खोटं बोलत नाय, माणूस बोलतो.

त्यांना एकच मुलगा, मिलिंद. आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात लागला होता. हात फार चांगला होता पोराचा. पण कारखान्यात संप झाला, मग टाळेबंदी झाली आणि मिलिंद घरी बसला. नाशिकरोडला एक गुजराती लाकूडवाले होते. त्यांचा भाचा आफ्रिकेत, झैरे देशातल्या लुबुम्बाशी नावाच्या गावात ट्रक दुरुस्तीचा मोठा कारखाना चालवत होता. त्याला फिटर हवा होता. तीन वर्षं काम करायचं, पैसा गाठीला बांधायचा, परत येऊन अंबडला एक गाळा घ्यायचा, स्वतःचं लेथ मशीन टाकायचं, असं १९७६ साली ठरलं.

दादा माझ्याकडे आले. "बाई, हा झैरे कुठं हाय, दाखवा."

शाळेच्या नकाशात झैरे नव्हताच. तो नकाशा माझ्यापेक्षा जुना, त्यावर अजून 'बेल्जियन काँगो' होतं. मी पेन्सिलीनं खोडून झैरे लिहिलं आणि सांगितलं, की देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आधीचा फ्रँक काढून टाकला आणि नवा पैसा आणला. त्याचं नाव झैरे ठेवलं. सुरुवातीला एका झैरेला दोन डॉलर मिळत. मग चार वर्षांनी देशालाही तेच नाव दिलं आणि नदीलाही.

दादांचे डोळे चमकले. "म्हंजे आधी नोट आणि मग देश!"

"तसंच म्हणा."

"लय भारी. आपलंच नाव पैशाला दिलंय. सोताचं नाव कोण बुडवतं, बाई?"

मी वर शिक्षकी तोऱ्यात भर घातली, की जगातल्या तांब्याच्या मोठ्या खाणी तिथंच आहेत, तांबं काही संपत नाही. क्रमिक पुस्तकात तसंच होतं. तांब्याचा भाव जगात दोन वर्षांपूर्वीच कोसळला होता आणि त्या देशाचं कंबरडं मोडलं होतं, हे पुस्तकात नव्हतं आणि मी पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ते वाक्य बोलल्याची मला आजही लाज वाटते.

मिलिंद गेला. दर महिन्याला पत्र यायचं. हवा बरी आहे, शेठ बरा आहे, मक्याच्या पिठाचा गोळा खातो, आईच्या भाकरीची आठवण येते. दुसऱ्या वर्षाअखेर एक जाड पाकीट आलं. आत दहा झैरेची एक कोरी नोट आणि वडिलांना एक प्रश्न. पगार झैरेत मिळतो. सरकारी वाटेनं पैसे भारतात पाठवायचे तर अर्ज करून वर्ष वर्ष थांबावं लागतं, तरी नंबर लागत नाही. शेठ म्हणतो, झैरे माझ्याकडे दे, मी देशाबाहेर डॉलर देतो, पण निम्म्या भावानं. इथले सगळे तसंच करतात. बाबा, मी काय करू?

आता दुसरा कुणी असता तर बँकेत विचारलं असतं, त्या लाकूडवाल्यांना विचारलं असतं. दादांनी नोट तपासली.

चार दिवस तपासली. सकाळच्या उन्हात खिडकीशी धरली, दुपारी सावलीत. भिंगाखाली घातली. त्या नोटेवर तिथल्या राष्ट्राध्यक्षाचं चित्र होतं, डोक्यावर बिबट्याच्या कातड्याची टोपी, शेजारी खुद्द बिबट्या. वहिनी म्हणाल्या, "हा कोण बहुरूपी?" दादांनी त्यांना गप्प केलं. शेवटी पाचव्या दिवशी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे निकाल सांगायला आले.

"फर्स्ट क्लास, बाई. युरोपातल्या मोठ्या प्रेसचं काम हाय. टोपीवरचा एकेक ठिपका हातानं कोरलाय. रजिस्टर केसभर हललेलं नाय. असला कागद, असली शाई... ज्या सरकारला नोटेची एवढी कदर हाय ते सरकार बुडत नसतं."

मला एक शंका होती. देवळालीच्या शाळेत फ्रेंच शिकवणारी माझी एक मैत्रीण होती, तिला मी नोट दाखवून आणली होती. मी म्हटलं, "दादा, यावर वचन कुठंच नाही. फक्त एवढंच लिहिलंय, की नक्कल करणाऱ्याला सक्तमजुरी होईल."

"मग बरोबरच की! चोराला एवढं भ्या घालणारं सरकार सोता चोरी करंल का?"

खरं सांगायचं तर मलाही पटलं. त्यांनी माझ्यासमोर बसून पत्र लिहिलं. नोटा धरून ठेव, निम्म्यानं विकू नको, सरकारी कागद आहे, कुठं जात नाही, तुझा नंबर लागेल तेव्हा पूर्ण भावानं पाठव. पाकिटावर इंग्रजी पत्ता मी घातला, चांगल्या वळणदार अक्षरात.

१९७९ च्या डिसेंबरात झैरे सरकारनं एका रात्रीत पाच आणि दहाच्या नोटा रद्द केल्या. सरहद्दी बंद केल्या, विमानं बंद केली. जुन्या नोटा बदलून घ्यायला मोजके दिवस दिले आणि माणशी मर्यादा घातली. आमच्याकडच्या पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या असतील तर असतील, मी वाचल्या नाहीत. आम्हाला कळलं ते फेब्रुवारीत, मिलिंदच्या पत्रानं. त्या आठवड्यात तो शेठच्या एका बंद पडलेल्या ट्रकच्या मागे लांब जंगलातल्या खाणीवर गेला होता. परत आला तोवर बँकेच्या खिडक्या बंद झाल्या होत्या. पत्र्याच्या पेटीत तीन वर्षांच्या नोटा जशाच्या तशा होत्या. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "मी रिकाम्या हातानं येणार नाही. पुन्हा जमवीन, मग येईन."

दादांनी ते पत्र गॅलरीत उभ्यानं वाचलं. वहिनींना वाचता येत नव्हतं. त्या नामपूरच्या, मन हललं की माहेरची बोली तोंडात यायची. त्यांनी विचारलं, "मना पोऱ्या खुशाल शे ना?"

"खुशाल हाय," दादा म्हणाले. "काम वाढलंय. बुद्धपौर्णिमेपर्यंत येतो म्हणतोय."

मग माझ्या दारात येऊन त्यांनी ते पत्र मला दिलं आणि खाली फरशीवर बसले. खुर्ची समोर होती, तरी खालीच.

"माझ्या पत्राबद्दल एका शब्दानं बोलला नाय, बाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

पुढची सगळी वर्षं ते न बोललेल्या शब्दाखाली जगले. मिलिंदच्या प्रत्येक पत्रात ते आधी तेवढंच शोधायचे. पोरगं चांगलं, बापाला बोल लावत नाही, म्हणजे मनात केवढं साठलं असेल, असा त्यांचा हिशेब. मी सांगून थकले. त्यांचं ठरलं होतं, की आपण मुलाचा घात केला आणि मुलानं आपल्याला मोठ्या मनानं माफ केलंय, आणि ती माफी त्यांना गिळवत नव्हती.

एका रविवारी सकाळी पाहिलं तर गॅलरीत ती रद्द झालेली दहाची नोट आणि भिंग घेऊन बसलेले. तासाभरानं मी भाजी घेऊन परत आले, तरी तसेच. मी म्हटलं, "दादा, आता काय बघताय तिच्यात?"

"दोष शोधतोय."

"मग?"

"सापडत नाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दोष असता आणि मला दिसला नसता, तर मी चुकलो असतो. माणूस चुकतो. पण दोषच नाय, बाई. इतकी चांगली नोट मी आपल्या प्रेसमधीबी क्वचित बघितली. मग मी तीस वर्षं काय तपासलं?"

मी भाजीची पिशवी उचलून आत गेले.

मिलिंद पुन्हा जमवत होता आणि पुन्हा वितळत होतं. सरकार पैशाची किंमत खाली आणी, पुन्हा आणी. १९८३ साली तर इतकी आणली, की त्यानं लिहिलं, पगाराच्या दिवशी पाव घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी परवडत नाही. नव्या नोटा येत, आकडे मोठे होत, टोपीवाला मात्र तोच. पूर्वी गमतीनं तो पत्रात एखादी नोट घालायचा. पुढं तेही बंद झालं. त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, मुलगा झाला. फोटो आला. कुरळ्या केसांचं, दादांसारख्याच रुंद कपाळाचं पोर. वहिनींनी तो फोटो बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावला आणि येईल त्याला दाखवला. दरवर्षी दादा त्यांना सांगत, बुद्धपौर्णिमेपर्यंत येतोय. दरवर्षी वहिनी पौर्णिमेआधी गाद्यांना ऊन देत, मिलिंदच्या आवडीच्या कुरडया घालत. बुद्धवंदना झाली की जिन्याकडे बघत बसत. तो दिवस आला की मी घरात थांबायची नाही, काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची.

दादा रिटायर झाले. साखरेनं त्यांचे डोळे गेले, आधी एक, मग दुसराही जवळजवळ. ज्या डोळ्यांनी तावातला केसाएवढा डाग पकडला त्यांना समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागे. मिलिंदची पत्रं मी वाचून दाखवू लागले. वहिनी समोर असल्या की दादा मला पायानं खूण करत, आणि मी, मुलांना खोटं बोलू नका शिकवणारी बाई, पत्रात नसलेली वाक्यं वाचत असे. "आई, मी लवकरच येतो."

१९८६ च्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. तार केली होती. मिलिंद आला नाही, येण्याएवढे पैसेच नव्हते. दोन महिन्यांनी दादा भिंत धरत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "लिहा."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तुझी आई वाट बघून गेली. तिला मी सात वर्षं फसवलं. तुला नोटा धरून ठेवायला मी सांगितलं. त्या पत्रापायी तुझी तीन वर्षं गेली आणि पुढचीही गेली. दोष सगळा माझा. तू बोलला नाहीस, पण मला ठाऊक आहे. आता रिकाम्या हातानं ये. कर्ज काढून तिकीट मी पाठवतो. माझे डोळे गेलेत, तुझे हात रिकामे आहेत का भरलेले, मला दिसायचंसुद्धा नाही. नुसता ये.

हे सांगताना ते रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं, कारण मी रडत होते.

उत्तराला पाच महिने लागले. मी पाकीट फोडलं, दादा समोर बसले, दोन्ही हात मांडीवर. मी वाचायला सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही कुठल्या पत्राबद्दल लिहिता? नोटा धरून ठेव असं तुमचं पत्र मला कधी मिळालंच नाही. त्या दिवसांत इकडे लढाई चालू होती, टपाल महिनोन्‌महिने हरवायचं. तुमच्या उत्तराची मी वाट पाहिली आणि मग माझं मीच ठरवलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

माझा जीव भांड्यात पडला. सात वर्षांचं ओझं एका ओळीत उतरलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच, "दादा, ऐकलंत ना? पत्र पोचलंच नव्हतं! तुमचा काही संबंध नाही!"

"पुढं वाचा," दादा म्हणाले.

"शेठ रोज म्हणायचा, विकून टाक. मला नाही विकवलं. लहानपणी तुम्ही मला मांडीवर घेऊन माझा अंगठा नोटेवर फिरवायचात आणि म्हणायचात, हे सरकारचं वचन आहे, माणसाच्या शब्दापेक्षा खरं. मी दहाच्या नोटेवर अंगठा फिरवला, बाबा. अगदी तसंच लागलं. मग मी शेठचं ऐकलं नाही. आता पोराला आणि बायकोला टाकून येता येत नाही आणि तिघांना आणता येत नाही. मी येईन असं आता समजू नका."

मी कागद खाली ठेवला. बाहेर प्रेसचा भोंगा झाला, जिन्यावरून कुणी सायकल उतरवत होतं.

"दादा, पत्र तुमचं नव्हतं," मी पुन्हा म्हटलं, पण आता माझ्या आवाजात जोर नव्हता.

"पत्र मी एकदाच लिहिलं होतं, बाई," ते म्हणाले. "हे मी त्याला रोज शिकवलं."

मग म्हणाले, "उत्तर लिहायचंय."

मी कागद पुढे ओढला. माझी बदली सटाण्याला झाली होती, सामान अर्धं बांधलेलं होतं, शाई शोधावी लागली. त्यांनी चारच ओळी सांगितल्या. पत्र मिळालं. माझी तब्येत ठीक आहे. सूनबाईंना आशीर्वाद.

चौथी ओळ सांगायला त्यांना फार वेळ लागला. "नातवाला मी शिकवलेलं काही शिकवू नको. माझं नावबी सांगू नको."

मी लिहिलं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला. दादा म्हणाले, पेटीत मीच टाकतो. मी खिडकीतून पाहत होते. काठीनं चाचपत ते रस्ता ओलांडून गेले, टपालपेटीचं तोंड हातानं शोधलं, पाकीट आत सोडलं आणि पडल्याचा आवाज ऐकण्यासाठी पेटीला कान लावून उभे राहिले. दोन दिवसांनी मी नाशिक सोडलं, पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं लाल शाईनं खोडली. त्या दिवशी पेन माझ्या हातात होतं, समोरच्या माणसाला दिसत नव्हतं, आणि ती चौथी ओळ मी जशीच्या तशी लिहिली.